रडारसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय रडारसाहेब,
मुक्काम : राउटरने कळवलेला नाही.

विषय : आमच्या घरचे वाय-फाय आपल्या सन्मानार्थ वरचेवर बंद पडण्याबाबत.
संदर्भ : राउटरच्या नोंदवहीतील 'रडार आढळले, चॅनेल सोडला' हा शेरा. दिनांक रोजचाच.

महोदय,

मी छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहणारा निवृत्त बँक कर्मचारी. आपली-माझी ओळख नाही. तरी गेले दोन महिने आपण आमच्याकडे येऊन जाता, असे राउटर म्हणतो. आपण आलात की मुलीची ऑफिसची मीटिंग अर्ध्या वाक्यात गोठते, सौ.च्या मालिकेतली थोबाडीत हवेतच राहते आणि फोनच्या यादीतून आमचे ५ गिगाहर्ट्झचे नाव मिनिटभर नाहीसे होते. २.४ गिगाहर्ट्झचे मात्र जागेवर असते. माझ्यासारखेच : हळू, पण हजर.

आधी आम्ही आपल्यावर संशय घेतला नव्हता. तारवाला पोरगा येऊन गेला, "काका, बंद करून चालू करा" हा मंत्र देऊन गेला. मग मायक्रोवेव्हची चौकशी झाली, पण तो २.४च्या गल्लीतला गुंड निघाला, ५च्या गल्लीत त्याचे चालत नाही. शेजारच्या देशमुखांनी चिकलठाण्यावर उतरणाऱ्या विमानांकडे बोट दाखवले. अभियांत्रिकीला असलेल्या भाचीने तेही खोडून काढले : "मामा, विमानाच्या नाकातले हवामान रडार बहुतेक ९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. त्याला तुमच्या राउटरशी काय देणेघेणे?" मग तिने राउटरचे पान उघडले आणि विचारले, "रुंदी १६० कुणी केली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

केली मीच. यादीत २०, ४०, ८०, १६० असे चार आकडे होते. चारांतून मोठा उचलायचा, एवढे गणित मला येते.

भाचीने मग जे समजावले ते आपल्याला नवे नाही, पण माझ्या अज्ञानाची नोंद राहावी म्हणून लिहितो. ५ गिगाहर्ट्झचा एकेक चॅनेल २० मेगाहर्ट्झचा. चार जोडले की ८० होतात, आठ जोडले की १६०. मी जोडलेले आठ म्हणजे ३६ ते ६४. त्यांतले ३६ ते ४८ सर्वांना खुले, पण ५२पासून आपला इलाखा सुरू होतो. बावन्न दरवाजांच्या शहरात जन्म काढला आणि अडकलो तो ५२व्या दारात! १६०ला बसायला दुसरी जागा १०० ते १२८. तीही आपलीच, आणि तिच्या वरच्या टोकाला तर हवामान रडारचे खास आसन. एवढे ऐसपैस बसायचे, तर आपल्याच ओसरीवर. दुसरीकडे सोय नाही.

२००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने वाय-फायला आपल्या पट्ट्यात यायला परवानगी दिली ती पाहुण्याची. पाहुण्याने आधी ६० सेकंद तोंड मिटून कान द्यायचा. युरोपात हवामान रडारच्या चॅनेलवर हाच कान पुरती १० मिनिटे द्यावा लागतो. बोलता बोलता आपली चाहूल लागली, तर १० सेकंदांत उठायचे आणि अर्धा तास त्या जागी फिरकायचे नाही. महोदय, आमच्या जालना रोडवर ॲम्ब्युलन्स मागून ओरडत असते, तरी कुणी हातभर सरकत नाही. त्याच शहरात माझा राउटर न पाहिलेल्या साहेबासाठी रस्ता सोडतो. आणि मी त्यालाच नादुरुस्त म्हणत होतो.

कारणही भाचीने सांगितले. दूरच्या पावसाच्या थेंबांवरून परतलेला अगदी क्षीण प्रतिध्वनी आपण ऐकता. जवळ कुणी वाय-फाय बडबडले की आपल्या पडद्यावर पट्टा उमटतो, पाऊस नसताना पावसासारखा. खोट्या पावसाची आशा म्हणजे काय, हे मराठवाड्याला कुणी सांगायला नको. २०१५च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी ढग शोधायला आपल्याच सी-बँड घराण्यातले एक रडार इथे विभागीय आयुक्तालयाच्या छतावर बसले होते. तेव्हा सारा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून होता. त्या नजरेपुढे माझ्या १६०चा पडदा धरायचा?

आता एक आदरपूर्वक तक्रार. बहुतेक वेळा आपण आलेलेच नसता! राउटरची पारख कच्ची. शेजारच्या वाय-फायचा तुटक ठोका ऐकला तरी त्याला आपणच वाटता. पुढाऱ्याच्या ताफ्यासाठी रस्ता अडवावा आणि ताफा दुसऱ्याच रस्त्याने निघून जावा, तसे आमचे दोन महिने गेले.

अखेर भाचीने रुंदी ८० केली आणि चॅनेल 'ऑटो'वरून काढून १४९वर पक्का बसवला. १४९ ते १६१मध्ये आपला संबंध येत नाही. ते जमले नसते तर ३६ होताच. जुन्या वस्तूंसाठी २.४वर रुंदी २० ठेवली. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीचा. जाता जाता तिने विचारले, "मामा, कनेक्शन किती एमबीपीएसचे?" म्हटले, "१००." ती हसली. ८०च्या रुंदीतसुद्धा शंभर आरामात मावतात. आडात शंभरच असताना पोहरा दुप्पट मोठा करून मी आडावर रोज भांडत होतो.

सबब, माझी तक्रार मी मागे घेत आहे. म्हैसमाळच्या डोंगरावर आपण येणार, अशा बातम्या वाचत असतो. खुशाल या. ५२ ते ६४ आम्ही रिकामे केले आहेत. ढग तेवढे वेळेवर कळवा.

आपला नम्र,
एक माजी १६०वाला

प्रत माहितीसाठी : देशमुख, तिसरा मजला. रुंदी अजून १६०च आहे. कृपया आजच बदलावी.