जाऊन आलेला माणूस

पेणच्या कुठल्याही टोळक्यात सहलीचा विषय निघाला, की एकजण चहाचा ग्लास खाली ठेवतो आणि म्हणतो, "तिथं ना? मी जाऊन आलोय." ठिकाणाचं नाव अजून निघायचं असतं.

हा माणूस पन्नाशी ओलांडलेला असतो. त्याच्याकडे एक नायलॉनची पिशवी असते आणि तीत माचिस, सुरी, जुनी वर्तमानपत्रं, सुतळी आणि आवळासुपारी एवढा ऐवज असतो. कोणी त्याला आयोजक नेमलेलं नसतं. वर्गणी तो काढत नाही, गाडी ठरवत नाही, फोनाफोनी तर मुळीच करत नाही. तो फक्त जाऊन आलेला असतो. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेले विनोबा भूदानासाठी 1951 पासून अख्खा देश पायी हिंडले, पण एवढं हिंडूनही त्यांनी कुठल्या गावाच्या वेशीवर 'मागच्या वेळी इथं सावली बरी होती' असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. आमच्या या गृहस्थांना ते वाक्य वडखळ यायच्या आत म्हणावं लागतं.

यंदा जानेवारीच्या एका रविवारी कुंडलिकेच्या खोऱ्यात जायचं ठरतं. तरुण मंडळींना देवकुंडचा धबधबा हवा असतो. जाऊन आलेला माणूस त्यावर पाणी ओततो. भिऱ्याच्या बाजूने रानातून दोनेक तास चालायचं, तेवढंच परत यायचं, पावसाळ्यात तर जिल्हा प्रशासन जाऊच देत नाही, आणि तुमच्यातल्या तिघांना दुसऱ्या मजल्यावर चढताना दम लागतो. यातलं एकही वाक्य खोटं नसतं, हीच तर त्याच्यासोबतची पंचाईत. मग नदीकाठच्या एका ओळखीच्या शेतात पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या, असा तह होतो. पोपटी म्हटल्यावर पेणमध्ये दोन पक्ष उरत नाहीत.

सकाळी साडेसातला इको गाडीत सात माणसं, एक मडकं आणि दहा किलो वालाच्या शेंगा बसतात. मडकं मांडीवर घ्यायचा मान जाऊन आलेल्याचा. मागच्या सीटवर गणपतीच्या कारखान्यातला मित्र असतो. तो आखणीचा कारागीर, म्हणजे रंगवून झालेल्या मूर्तीचे डोळे काढणारा. पेणमध्ये या हाताला फार मान आहे. मूर्ती कितीही देखणी असो, आखणी चुकली की गणपती तिरळा. दिवसभर भुवया आणि बुबुळं काढणारा हा माणूस बोलतो कमी आणि बघतो फार. त्यामुळे जाऊन आलेल्या माणसाला तो जरा टोचतो.

वडखळ नाक्याला नाश्ता. अलिबागला निघालेले मुंबईकर इथं पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेताना दिसतात. पेणचा माणूस वडखळला पापड विकत घेताना दिसला, तर घरी काहीतरी बिनसलंय असं खुशाल समजावं. वडा येतो. जाऊन आलेला तो दोन बोटांनी दाबून बघतो. "पूर्वी याच्यात बटाटा असायचा," तो म्हणतो आणि दुसरा मागवतो.

त्यापुढेही मुंबई-गोवा महामार्गच असतो, आणि त्याच्या वक्तृत्वाचा खरा सराव इथं झालेला असतो. पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा रुंद करायचं काम 2011 साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली पोरं दहावीच्या परीक्षेला बसली. रस्ता मात्र वर्षानुवर्षं पुरवणी घेत राहिला. जाऊन आलेला माणूस मडकं छातीशी कवटाळून प्रत्येक वळणावरच्या तोडलेल्या झाडांची आठवण काढतो. इथं वड होता. इथं दोन वड होते. इथं वडाखाली उसाचा रस मिळायचा. नागोठणं येईपर्यंत गाडीतल्या सर्वांना दिवंगत नातेवाइकांच्या घरी निघाल्यासारखं वाटू लागतं. "एसटीनं सव्वा तासात कोलाड," तो म्हणतो. "आणि एसटी थांबत थांबत जायची." आखणीवाला खिडकीबाहेर बघत विचारतो, "मग तू तेव्हा उतरायचास कशाला?"

वाकणला पालीचा फाटा मागे टाकला की गाडीतला रोहेकर जागा होतो. तो नोकरीनिमित्त पेणला स्थायिक झालेला, पण गाव रोह्याचं, आणि हिशेबाची वही त्याच्याकडे. वर्गणीवरून कोणी कुरकुर केली की तो ऐकवतो, "रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आमच्या रोह्याचा. आम्हाला हिशेब शिकवू नका." जाऊन आलेला माणूस लगेच मान हलवतो. चिंतामणराव देशमुख 1943 साली गव्हर्नर झाले हे कबूल, घराणं रोह्याचं हेही कबूल. पण जन्म महाड तालुक्यातल्या नाते गावचा, आणि नात्यालाही तो जाऊन आलेला आहे. मग रेल्वेचा विषय. रोह्यापर्यंत रूळ 1986 साली पोचले, तेव्हा गाडी बघायला तो गेला होता म्हणे. कोकण रेल्वेची हद्द रोह्याला सुरू होते. त्याअर्थी ती त्याच्या नजरेसमोरच पुढे गेली, असा त्याच्या सांगण्याचा एकूण रोख असतो.

कोलाडहून गाडी ताम्हिणीच्या रस्त्याला लागते आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. आता सगळे गप्प होतात. तो होत नाही.

नदीवर सकाळचं राफ्टिंग चाललेलं असतं. लाल-निळ्या जॅकेटांतली मंडळी रबरी नावेत किंचाळत दहा-बारा किलोमीटर खाली जातात. जानेवारीत कोकणातल्या एवढ्याशा नदीला इतकं पाणी कुठून, असं कोणीतरी विचारतं, आणि त्या प्रश्नाची वाट पाहत जाऊन आलेला माणूस पेणपासून इथवर आलेला असतो. हे पाणी मुळात घाटावरचं, तो सांगतो. मुळशीला मुळा नदी अडवली. ती भीमेला, भीमा कृष्णेला, म्हणजे हे पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते डोंगरातून पाइपांनी भिऱ्याला खाली आणलं, त्यावर वीज केली आणि तेच पाणी कुंडलिकेत सोडलं. आता ते जातं अरबी समुद्राला. धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालं आणि 1927 साली भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. सांगताना त्याचा हात असा काही फिरतो, की 1927 च्या आधीही हा इथं येऊन गेला असावा आणि तेव्हा नदी शांत होती असा भास होतो.

तेवढ्यात दोन तरुण कपडे काढून पाण्यात उतरायला निघतात. तो मडकं खाली ठेवतो. दिवसभरात पहिल्यांदाच. काठावरच्या एका काळ्या खडकाजवळ त्यांना नेतो आणि बोटाने दाखवतो: खडक वर कोरडा, करडा, गुडघाभर खाली एक सरळ रेघ, आणि रेघेखाली तो ओला, शेवाळलेला. "वर मशीन चालू झालं की पाणी इथवर चढतं. भोंगा वाजेल आणि मग येईल असं समजू नका. या रेघेच्या वरच बसायचं, पाय सोडायचे असले तरी." तरुण आखणीवाल्याकडे बघतात. तो खडकापाशी वाकतो, रेघेवर अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "बरोबर आहे. ही रेघ हातानं काढलेली नाही." पोरं निमूटपणे वर येऊन पाय सोडून बसतात.

मग पोपटी. भातकापणी झाली की शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. ओलीच्या जोरावर तो वाढतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात. बांधाबांधावर भांबुर्डी आपोआप उगवलेली असते. तिला उग्र, ओव्याच्या जवळपास जाणारा वास येतो आणि एरवी तिला गुरंही तोंड लावत नाहीत. पोपटीला मात्र तिच्यावाचून चालत नाही. जाऊन आलेला माणूस तळाला पाला दाबतो, त्यावर शेंगा, खडे मीठ, ओवा. मग केळीच्या पानात बांधलेली मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा. "वांगी घाल की," असं कोणी म्हणालं तर त्याच्या चेहऱ्यावर नात जातीबाहेर लग्न करतेय असा भाव येतो, पण वांगीही जातात. तोंडाला पाल्याचा बोळा घट्ट कोंबायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं टेकवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं.

इथं मतभेद होतात. जाळ किती वेळ ठेवायचा यावर सात माणसांची नऊ मतं असतात. रोहेकर घड्याळ लावतो. शेतकरी बाजूला उकिडवा बसून हसतो. त्याने काय ते ठरवलेलं असतं, पण पाहुण्यांच्या मजेत तो हात घालत नाही. अर्धा तास, पस्तीस मिनिटं. जाऊन आलेला माणूस वासावर आहे. तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुरात उभा राहतो, डोळे मिटतो आणि कोणी बोललं की हात वर करतो. चाळीस मिनिटांनी तो तांब्यात बोटं बुडवून तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतो. चर्र होतं आणि थेंब टिकत नाहीत. "काढा." शेतकरी मान डोलावतो. त्याच्याकडून आलेली ती एकमेव दाद.

काठीने मडकं बाजूला ओढून वर्तमानपत्रावर ओततात. वाफ वर येते. तीत धूर, ओवा, भांबुर्डी आणि कोंबडीचा मसाला, सगळं एकात एक. शेंग दातात धरून ओढली की मऊसूत दाणे जिभेवर येतात. कडवट, मग गोड, मग बोटांना काळं. जाऊन आलेला माणूस मांडी घालून बसतो आणि खाऊ लागतो. एक शेंग, दुसरी, मूठभर. आखणीवाला त्याच्याकडे बघत राहतो आणि हळूच रोहेकराला घड्याळ दाखवायला सांगतो. अकरा मिनिटं झाली, 'मागच्या वेळी' आलेलं नाही.

बाराव्या मिनिटाला तो हात झटकतो आणि म्हणतो, "अंडी थोडी जास्त झाली." सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

परतीच्या वाटेत तो झोपतो. रिकामं, काळं मडकं तरीही मांडीवर. वडखळला गाडी थांबते, पेणला एकेकजण उतरतो, रोहेकर माणशी चारशे तीस सांगून वही मिटतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक्यावरच्या टपरीवर दुसरंच टोळकं पुढच्या रविवारची पोपटी ठरवत असतं, तिकडेच, कुंडलिकेच्या काठी. जाऊन आलेला माणूस चहाचा ग्लास खाली ठेवतो.

"जा की," तो म्हणतो. "पण खरी मजा काल होती. शेंगा अशा होत्या... आता तुम्हाला तशा नाही मिळायच्या." मग जरा थांबून विचारतो, "गाडीत जागा आहे का एक?"