काटे सोडून सगळं

फिनिक्समधल्या मराठी चित्रकाराकडे दोनच गोष्टींची मागणी असते: गणपती आणि निवडुंग. निवडुंगाला सोंड नसते, त्यामुळे ती डावी की उजवी हा वाद नाही, म्हणून काकांची ऑर्डर मी आनंदाने घेतली. त्यांना नव्या घरात कॅक्टस रेन हवा होता. १९३१पासून अ‍ॅरिझोनाचा राज्यपक्षी, वीतभरही नाही. पांढरी भुवई, छातीवर काळे ठिपके आणि आवाज चालू न होणाऱ्या जुन्या मोटारीसारखा.

काका म्हणाले, “मागे सग्वारो हवा. आठ हातांचा. भिंत भरल्यासारखी वाटते.” सग्वारो निवडुंगाला पहिला हात फुटायलाच साधारण पन्नास ते पाऊणशे वर्षं लागतात. काकांना आठ हात गुरुवारपर्यंत हवे होते.

पक्षी मी चोया निवडुंगातल्या घरट्याशी बसवला. काकूंनी चित्र निरखलं. “छान आहे. फक्त काटे काढून टाक. काटेरी झाड वास्तुशास्त्रात चालत नाही.”

“काकू, हे चित्र आहे.”

“म्हणून तर काढता येतील!”

मी त्यांना समजावलं. चोयाचे काटे उन्हात पांढरेशुभ्र चमकतात आणि जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. एकेका काट्यावर मास्किंग फ्लुइड लावायचं, वर रंगाचा वॉश द्यायचा, वाळला की ते रबरी फ्लुइड बोटाने घासून काढायचं. तेही इथल्या कोरड्या हवेत, जिथे वॉश पसरायच्या आत वाळतो. थोडक्यात, काट्यांच्या जागी रंगच नाही, काढू काय?

काकूंना हे पटलं नाही. त्यांना रस घरट्यात होता. “एवढं बाजूने दार ठेवलेलं घर बांधतो कोण?”

“दोघं मिळून. मग मादी अंडी उबवते, तेव्हा नर पुढचं घरटं बांधायला घेतो.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. गॅरेजमधल्या शेल्फचं खोकं अजून उघडलेलं नव्हतं. काका सग्वारोचे हात मोजू लागले.

“पण काट्यांतच का?”

“शत्रूला आत शिरणं अवघड जावं म्हणून.”

“मग हे आधी सांगायचं! म्हणजे वास्तूचं रक्षणच झालं की. राहू देत काटे. उलट दाराच्या बाजूला थोडे वाढव.”

त्यासाठी अख्खं चित्र नव्याने काढावं लागलं. वाढीव काट्यांचे मी वेगळे पैसे सांगितले, तेव्हा काका म्हणाले, “कसले पैसे? तिथे तर कोरा कागद आहे ना?”