पंगतीतला झिरो

सुरतेच्या बमरोलीत डायबेटीसवाला ओळखायला रक्त तपासावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीत ज्याच्या पानात चार बट्ट्या, वरणावर तुपाचं तळं आणि हातात बिनसाखरेच्या ठंड्याचा काळा झिरोवाला डबा, तो डायबेटीसवाला. बाकीचे बिचारे मठ्ठा पितात.

खानदेशातून उधना-पांडेसराच्या बाजूला आलेली आमची माणसं लूमच्या खात्यावर बारा-बारा तास उभी राहिली. त्यांची पोरं गल्ल्यावर बसली, ऑफिसात बसली, बसूनच राहिली. खानदेशची बट्टी सुटली नाही, त्यात सुरतेचा लोचो आणि चांदनी पडव्याची घारी येऊन मिळाली. आयसीएमआरच्या पाहणीनं 2023 साली देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या सोसायटीत कुणी दचकलं नाही. उलट आपण बहुमतात आल्यासारखं वाटलं.

सोसायटीतल्या डायबेटीसवाल्या आप्पांचं या डब्याबद्दलचं गणित पक्कं आहे. "यामा साखर शे का? नही. मग झिरो." आणि झिरोनं कशालाही गुणलं की झिरोच येणार. बट्टी गुणिले झिरो, झिरो. घारी गुणिले झिरो, झिरो. डॉक्टर मात्र अजून बेरजेतच अडकलेत. ते म्हणतात, डब्यात काही नाही, पण बट्टीत आहे ना!

डब्यापुरतं आप्पांचं बरोबर आहे, हे नाइलाजानं मान्य करायला हवं. साध्या कोलाच्या 300 मिलीत तीस ग्रॅमच्या वर, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. डाएटवाल्यात बहुधा अस्पार्टेम असतं. ते साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड, त्यामुळे चिमूटभरात भागतं आणि रक्तातली साखर चढत नाही. रोज साधा ठंडा ढोसणाऱ्यानं त्याजागी हा घेतला तर डॉक्टर तक्रार करत नाहीत. पाण्याच्या जागी घेऊ लागला की करतात.

तसा या बिनसाखरेच्या गोडीचा सगळा इतिहास हात न धुण्याचा आहे. 1879 मध्ये फालबर्ग प्रयोगशाळेतून तसाच जेवायला बसला, पाव गोड लागला, सॅकरिन सापडलं. 1965 मध्ये श्लॅटरनं कागद उचलायला बोट चाटलं, अस्पार्टेम सापडलं. 1976 मध्ये लंडनला शशिकांत फडणीस नावाच्या संशोधकाला एक पदार्थ 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला, सांगितला होता. त्यांनी 'टेस्ट' म्हणजे चव असं ऐकलं आणि सरळ जिभेवर ठेवला, असं सांगतात. तो सुक्रालोजचा शोध. मराठी आडनावाच्या पुरुषानं सांगितलेलं धड ऐकलं नाही आणि त्यातून जगाचं भलं झालं, असं दुसरं उदाहरण माझ्या बायकोला माहीत नाही.

आप्पांचे विरोधक म्हणजे नाना. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अस्पार्टेमला 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात टाकलं, आणि नानांनी तो निरोप पहाटे पाचला सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्याच गटात कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही आहे. नाना निरोप पाठवताना तोच पीत होते. सत्तर किलोच्या माणसाला अस्पार्टेमची ठरलेली मर्यादा ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा डबे लागतील, हेही त्याच वेळी सांगितलं गेलं होतं. तेवढा भाग नानांच्या फोनवर उघडला नाही. त्यांची शिफारस उसाच्या रसाची. नैसर्गिक आहे ना! त्याआधी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनंच, वजन कमी करायला ही बिनसाखरेची गोडी वापरू नका, असं सांगितलं होतं. मात्र ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही, असंही लिहून ठेवलं. म्हणजे आप्पा आणि नाना दोघंही तोच कागद फडकवू शकतात, आणि फडकवतात.

सरकार मात्र कुणाचीच बाजू घेत नाही. सप्टेंबर 2025 पासून साखरेच्या ठंड्यावर 40 टक्के जीएसटी आणि बिनसाखरेच्यावरही 40 टक्केच.

परवा एका हळदीत मात्र डबा उघडा पडला. आप्पांनी जेवण येणार या भरवशावर इन्सुलिन टोचून घेतलं, आणि डीजे थांबेना म्हणून जेवण लांबलं. आप्पांचे हात थरथरायला लागले, कपाळ घामानं निथळलं, बोलणं तुटक झालं. शुगर लो. त्यांचा गल्लेवाला पोरगा प्रेमानं धावला आणि आप्पांचा आवडता डबा फोडून तोंडाला लावू लागला. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर पोटात जावी लागते, आणि डब्यात ती शून्य. एका काकूंनी बाजूच्या सातवीतल्या पोराच्या हातातला सोस्यो हिसकावला आणि आप्पांना पाजला. 1923 पासून सुरत जो ठंडा पीत आलीय, तो त्या रात्री औषध झाला.

दहा-पंधरा मिनिटांत आप्पा ताळ्यावर आले. सातवीतला पोरगा मात्र भोकाड पसरून बसला होता. काकूंनी समजूत काढायला तो फोडलेला झिरोचा डबा त्याच्यापुढे धरला. पोरानं डोळे पुसले, डबा फिरवून मागची बारीक अक्षरं काढली आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं: लहान मुलांसाठी शिफारस नाही. सोस्योचे पैसे कोण देणार, यावर वरपक्ष आणि वधूपक्षात अजून बोलणी चालू आहेत.