गुडघा त्यांचा, कळ आपली

फँटसी बास्केटबॉल खेळणारा माणूस ड्राफ्टच्या रात्री, म्हणजे आपल्या कागदी संघासाठी खरे खेळाडू निवडताना, अर्धा हाडांचा डॉक्टर होतो. जोएल एम्बीडच्या गुडघ्यावर तो तासभर बोलतो. स्वतःचा गुडघा जिना चढताना वाजतो, त्याला मात्र ‘हवा बदललीय’ म्हणतो. एम्बीड 2023 मध्ये एनबीएचा एमव्हीपी झाला. पुढच्या हंगामात 82 पैकी 39 सामने खेळला, त्यानंतरच्या हंगामात 19. तरी ‘यंदा एकदम फिट आहे म्हणे’ हे आहेच! आणि कवाय लेनर्ड 2021-22 मध्ये एकही सामना खेळला नाही, तोही यांना हवाच असतो.

मग शहाणे सांगतात, बेंच भक्कम ठेवा. ठेवतात की. बेंचवर आणखी दोघे, तसेच गुणी आणि तसेच नाजूक.

मिकेल ब्रिजेस नावाचा गृहस्थ 2022-23 मध्ये 83 सामने खेळला. हंगाम 82 चाच होता. मधेच संघ बदलल्यामुळे एक जास्तीचा पदरात पडला. पण त्याला आधी उचलायला कोणी धजत नाही. रोज वेळेवर कामावर येणाऱ्याचं कौतुक ऑफिसात तरी कुठे होतं?

तेव्हा मालकहो, यंदा पहिल्या तीन फेऱ्यांत एक तरी धडधाकट माणूस घ्या.