पडदा

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन परवा झालं. माझ्या हिशेबाने तिसरं. पहिल्या दोन कोनशिलांना आता ओपीडीतले रुग्ण पाठ टेकून बसतात. तेवढी तरी सोय झाली.

पण यंदाचा पडदा! जांभळी मखमल, सोनेरी झालर, रेशमी दोरी. ‘भविष्यातील आरोग्यसेवेतील गुंतवणूक’ यावर चाळीस मिनिटं भाषण झालं आणि मग दोरी ओढली. पडदा मध्येच अडकला. काय धावपळ उडाली म्हणून सांगू! एकाने स्टूल आणलं, दुसऱ्याने स्टूल धरलं, तिसऱ्याने स्टूल धरणाऱ्याला धरलं. पडद्यामागे एवढं मनुष्यबळ, आणि आत एक्स-रे मशीनला तंत्रज्ञ नाही, पद रिक्त. ‘पडदा तंत्रज्ञ’ असं पद काढलं तर मात्र ते रातोरात भरेल. जोडीला एक सहायक, दोरीसाठी कंत्राटी माणूस आणि झालरीच्या देखभालीचं पाच वर्षांचं वेगळं टेंडर. सरकारी आरोग्यखर्च २०२५पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असं २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय. २०२५ उलटलं, अडीच टक्के काही पडद्याबाहेर आले नाहीत. तिथलीही दोरी अडकली असावी. स्टूल घेऊन मात्र कुणी धावलं नाही.

टाळ्या झाल्या, पेढे वाटले. शेजारच्या काकू प्रसूतिकक्षातून बाहेर आल्या त्या खांदे चोळतच. लेक सुखरूप बाळंत झाली; पण दोन टेबलांच्या मध्ये पडद्याचा नुसताच गज आहे, म्हणून एका टोकाला काकू आणि दुसऱ्या टोकाला लेकीची नणंद, तासभर साडी धरून उभ्या होत्या. सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या, “मागणी तीनदा पाठवली, काका. खर्चाच्या हेडखाली बसत नाही म्हणतात.”

दगडाची अब्रू झाकायला मखमल, आणि बाळंतिणीची झाकायला आईचे दुखरे हात! मग लाज कुठल्या हेडखाली बसते, तेही एकदा सांगून टाका.

चौथं भूमिपूजन होईलच. खुशाल या, भाषण करा, दोरी ओढा. जाताना फक्त पडदा सोडून जा. माप सिस्टरकडून घेऊन ठेवलंय: लांबी सात फूट, उंची पाच. जांभळा चालेल.