घरची भेसळ

लोक कॉफीतली चिकोरी टाळायला धडपडतात. मी ती पुण्यात, गॅलरीत लावली. चिकोरी म्हणजे एक मूळ. ते भाजून, दळून कॉफीत मिसळतात. नियमाने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी. म्हणजे सत्ता कॉफीची, पण विरोधी पक्ष चांगलाच तगडा. कॅफिन मात्र चिकोरीत औषधालाही नाही. जामनगरकडे तिची शेतंच्या शेतं आहेत, तेव्हा माझ्यावाचून देशाचं काही अडलं नव्हतं. "हौसेला मोल नसतं," मी म्हणालो.

"कुंडीला असतं," बायको म्हणाली.

मूळ सरळ खाली जातं, म्हणून कुंडी खोल लागते. थंडीची चाहूल लागली की बी पेरायचं, वर मातीचा नुसता हात फिरवायचा. पाणी बेताचं, साचलं की मूळ कुजतं. पाला फोफावल्यावर आईने एक पान खुडलं. देठातून पांढरा चीक आला.

"अरे, रुई लावलीस की काय?"

तरीही तिने भाजी केली. कारल्याने पाय धरावेत इतकी कडू! तिने गूळ घातला, मग आणखी घातला. शेवटी आम्ही गुळाची भाजी खाल्ली.

बेल्जियमचे लोक यावर शहाणे. ते मुळं उपटतात, पाला छाटतात आणि मुळं काळोखात ओलसर मातीत रोवतात. मग फिकट, मिटलेले, जरासेच कडू कोंब येतात. उजेड लागला की ते हिरवे होतात आणि कडवटपणा वाढतो. "उन्हात फिरू नकोस, काळी पडशील," हा आमच्या आत्याबाईंचा सल्ला तिथे भाजीला लागू पडला. आमच्याकडे ओट्याखालचा डबा घरातला प्रत्येकजण "आलं का काही?" म्हणत उघडून बघायचा. कोंब हिरवेगार आले.

उरलेली मुळं धुऊन, चिरून, वाळवून कढईत भाजली. १८०६ साली नेपोलियनने इंग्रजांशी व्यापार बंद पाडला, युरोपात कॉफी मिळेना, तेव्हा लोक हेच उकळून पीत. वास मात्र असा सुटला, जळू घातलेल्या साखरेचा, की शेजारचे काका बोलावल्याशिवाय आले. त्यांना कॉफीतलं फार कळतं. मी त्यांना निव्वळ चिकोरी उकळून, दूध-साखर घालून दिली. त्यांनी डोळे मिटून कप संपवला.

सकाळी जिन्यात भेटले. डोळे लाल.

"संध्याकाळी एवढी कडक कॉफी देत जाऊ नकोस रे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."