दणकट अप्पा

शिरूर-दौंड भागात प्रत्येक गावाला एक ग्रामदैवत, एक वायरमन आणि एक दणकट अप्पा असतोच. ग्रामदैवत नवसाला पावतं, वायरमन बोलावल्यावर तिसऱ्या दिवशी पावतो. दणकट अप्पा मात्र न बोलावता पावतात. तुम्ही काहीतरी विकत घ्यायला निघालात, एवढं त्यांच्या कानावर गेलं की पुरे.

हे अप्पा बहुधा निवृत्त असतात. दौंडचे असतील तर रेल्वेतून नाहीतर राज्य राखीव पोलीस दलातून, शिरूरचे असतील तर साखर कारखान्यातून नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीतून. उभं आयुष्य लोखंडाच्या सहवासात गेलेलं. त्यांच्या लेखी जगातल्या वस्तूंच्या दोनच जाती: एक दणकट आणि दुसरी ‘आजकालची’. आजकालची वस्तू कितीही चांगली चालली तरी ती अजून बिघडलेली नाही, एवढंच ते मान्य करतात.

आमच्या ओळखीचे अप्पा दौंडचे, रेल्वेत फिटर होते. मनमाडकडून आलेल्या गाडीला पुण्याकडे न्यायचं तर दौंडात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे, त्या काळातले. मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाला. त्यावर अप्पांचं मत असं, की तेव्हापासून आजवर जे टिकलंय ते दणकट, आणि जे बदलावं लागलं ते मुळात घ्यायलाच नको होतं.

वस्तू पारखण्याची त्यांची रीत ठरलेली आहे. आधी उचलून बघायची. हलकी लागली की विषय संपला. मग बोटांच्या पेरांनी ठोकायची. ‘ठण्ण’ वाजली तर मान हलते, ‘थप्प’ वाजली तर ओठ मुडपतात. शेवटी उलटी करून बुडाचे स्क्रू मोजायचे. “स्क्रू हाय म्हंजी खोलता येतंय. खोलता येतंय म्हंजी दुरुस्त व्हतंय. हितं नुसतं चिकटवलंय. चिकटवायला काय पाकीट हाय का?”

याच कसोटीवर उतरलेला एक पितळी स्टोव्ह त्यांच्या घरात आहे. तो पेटवायचा म्हटलं की घरातल्या बायका पोरांना घेऊन अंगणात जाऊन उभ्या राहतात. पण चालू आहे. लग्नात आलेला टेबलफॅनही चालू आहे. त्याला हात लावला तर झटका बसतो, म्हणून तो कुणी बंद करत नाही, एवढंच.

अप्पांची लेक शिरूरला दिलेली. पुणे-नगर रस्त्यालगत तिची खानावळ. गिऱ्हाईक म्हणजे रांजणगावला पाळ्या करणारी पोरं. कुणी पहाटे उठून जाणार, कुणी रात्रपाळी करून सकाळी भात मागणार, कुणी मध्यरात्रीच्या आसपास येऊन “ताई, रस्सा गरम आहे का?” विचारणार. एका वाटीसाठी गॅसवर पातेलं चढवायचं, रस्सा बुडाला लागायचा, भात कोरडा पडायचा, सिलिंडर महिना काढायचा नाही. म्हणून तिनं घरातला मायक्रोवेव्ह खानावळीत आणून ठेवला. घरी दिवसातून एकदा दूध गरम करणारं ते नाजूक यंत्र, त्याच्यापुढे दर दहा मिनिटांनी नवी वाटी येऊ लागली. लवकरच त्यानं मान टाकली. मेकॅनिकनं उघडून पाहिलं आणि एका वाक्यात निकाल दिला: “ताई, घरगुती मशीन धंद्याला लावलं, वॉरंटी बसत नाही.”

लेकीनं वडिलांना कळवलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी अप्पा एसटीतून उतरले. पिशवीत टेस्टर, पक्कड, पेचकस आणि विहीणबाईंसाठी गुळाची ढेप. दौंड तालुक्यातला माणूस गुऱ्हाळावरच्या गुळाशिवाय पाहुणा जात नाही.

नवा मायक्रोवेव्ह घ्यायला सगळे दुकानात गेले. तिथं विक्रेत्या पोरानं त्यांना काचेच्या दाराचा, निळे आकडे चमकणारा एक पीस दाखवला.

“काका, यात तीनशे ऑटो कुक मेनू आहेत.”

“भाकरी व्हती का?”

“भाकरी नाही काका.”

“पिठलं?”

“ते... नाही. पण पास्ता होतो.”

“मंग ही तीनशे पदार्थ खाणारी माणसं ऱ्हात्यात कुठं?”

पोरगा हसला आणि टच पॅनेलकडे वळला. “नुसतं बोट टेकवायचं. फक्त ओला, तेलकट हात लावायचा नाही.”

अप्पांनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं जावईबापूंकडे. “बाळा,” अप्पा म्हणाले, “खानावळीत कोरडा हात फक्त उधारीवाल्याचा असतोय.”

मग कोपऱ्यात, खोक्यांच्या आड, त्यांना तो दिसला. आतूनबाहेरून स्टील, दाराला ओढायची मूठ, आत काचेची ताटली नाही, चमकणारे आकडे नाहीत, दिवे नाहीत. पुढे एकच गोल बटण. फिरवलं तेवढी मिनिटं चालणार, शून्यावर आलं की टण्ण वाजून थांबणार. विक्रेता ओशाळून म्हणाला, “काका, तो हॉटेलवाल्यांचा. त्यात काहीच नाही.”

“काहीच न्हाय तर बिघडंल काय?” असं म्हणून अप्पांनी तो उचलायला घेतला. एकट्यानं उचलेना. तिथेच सौदा ठरला.

आता गंमत अशी की अप्पांची कारणं ऐकली तर माणूस कपाळावर हात मारेल, पण निर्णय शंभर टक्के बरोबर होता. वजनाचंच घ्या. जुन्या धाटणीच्या मायक्रोवेव्हचं बरंचसं वजन त्याच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरचं: लोखंडी पत्र्यांची चळत आणि तारेचा वेढा. हलक्या यंत्रांत त्याच्या जागी इन्व्हर्टरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते वाईट नसतं. पण अप्पांना उचलून जे कळलं, ते लोखंड खरोखर आत होतं. बटणाचंही तसंच. वाफ आणि तेलाच्या स्वयंपाकघरात आधी मरतं ते दाबायचं पॅनेल. चावीनं चालणारा गोल टायमर त्याहून निबर. ताटली नसल्याचं अप्पांनी “पोरं फोडत्यात” म्हणून स्वागत केलं. खरं कारण वेगळं. घरगुती यंत्रात लहरी सगळीकडे सारख्या पोहोचत नाहीत, म्हणून अन्नच गोल फिरवावं लागतं. हॉटेलच्या यंत्रात अन्न जागेवर राहतं आणि सपाट सिरॅमिकच्या बैठकीखाली किंवा छतात धातूचं पातं फिरून लहरी उधळतं. म्हणजे ताटली, तिची चाकं, तिची गुंडी, एवढे मोडायचे भाग वजा. आतला स्टीलचा पत्राही खराच कामाचा. रंग दिलेल्या पत्र्याचा टवका उडाला की गंज आणि ठिणग्या दोन्ही सुरू होतात.

नातवानं मोबाइलवर मायक्रोवेव्हचा इतिहास काढून वाचून दाखवला, तेव्हा अप्पांना गुरू भेटला. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा माणूस रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करत होता. १९४५ साली त्या मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून ही भट्टी निघाली. स्पेन्सरची शाळा लहानपणीच सुटली होती. “म्हणून डोकं चाललं,” अप्पा म्हणाले. १९४७ साली बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच, साधारण ३४० किलोंचं, आणि ते गार ठेवायला पाण्याचा पाइप जोडावा लागे. हे ऐकून अप्पा खुर्चीत सरसावून बसले. “बघा! सुरुवात कशी दणकट केली व्हती. मागनं बिघडवली.” ओट्यावर मावेल असा घरगुती नमुना १९६७ मध्ये आला, तिथपासून माणसाची घसरण सुरू झाली, असं त्यांचं ठाम मत आहे.

खानावळीत आल्यावर पहिला वाद स्टीलवरून झाला. मराठी घरात वाटी स्टीलची, ताट स्टीलचं, पोरांचे डबे स्टीलचे. आणि लेक म्हणते, स्टील आत ठेवायचं नाही. अप्पा खवळले. “भिंती स्टीलच्या चालत्यात, वाटी स्टीलची चालत न्हाय? ह्यो कुठला न्याय?” न्याय सरळ आहे. धातू लहरी परतवतो. भिंतींनी परतवल्या तर त्या अन्नाकडे येतात. वाटीनं परतवल्या तर अन्नापर्यंत पोहोचतच नाहीत, शिवाय कडांवर ठिणग्या उडू शकतात. लहरी धरतात मुख्यत्वे अन्नातल्या पाण्याचे कण. म्हणून पोह्यांवर पाण्याचा शिपका मारला तर पोहे मऊ, आणि भाकरी नुसती ठेवली तर चिवट. शेवटी चिनी मातीचे वाडगे आले. भाकरी तव्यावरच राहिली.

दुसरा वाद पॉइंटचा. यंत्रावर १००० वॅट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचं. यंत्र भिंतीतून ओढतं त्याच्या साधारण दीडपट. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर हे खपत नाही, १६ अँपिअरचा पॉइंट आणि धड अर्थिंग लागतं. वायरमन तिसऱ्या दिवशी आला. तोवर अप्पा यंत्रापुढे खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला ते ठोकून दाखवत राहिले.

तिसरा प्रसंग जिवावरचा. अप्पांनी बुडाचे स्क्रू आधीच मोजलेले होते आणि पेचकस पिशवीतून निघाला होता. शेतावरच्या मोटरचा कंडेन्सर त्यांनी आयुष्यभर बदलला, तसा हाही बघू, असा त्यांचा हिशेब. जावईबापू कधी सासऱ्यापुढे बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी पेचकस हातातून काढून घेतला. ते एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढला तरी तो आत बसून राहू शकतो. ज्याचं काम त्यानंच करावं. अप्पा रुसले. पण जेवायच्या वेळी बोलले, “जावई दणकट मिळाला.”

टण्ण व्हायच्या आधीच दार ओढायची सवय मात्र अप्पांची सुटली नाही. त्यावर नातवानं आणखी एक गोष्ट शोधून काढली. ऑस्ट्रेलियात पार्क्स इथल्या रेडिओ दुर्बिणीला वर्षानुवर्षं गूढ संकेत मिळत होते. २०१५ मध्ये छडा लागला: वेधशाळेतलीच माणसं मायक्रोवेव्हचं दार वेळेआधी उघडत होती. आता शिरूरपासून जवळच जुन्नर तालुक्यात, खोडद परिसरात, ४५-४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण आहे. अप्पा चिंतेत पडले. “त्यांना कळवून ठिवा, शिरूरला ह्यो माझाच आवाज हाय म्हणून.” शिरूरचा आवाज खोडदपर्यंत पोहोचणं अवघड आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. माणसाचं महत्त्व उगाच का कमी करा?

अप्पांच्या टिकाऊपणाला जवळचाच एक दाखला सापडला. घोड नदीच्या काठी, याच शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उघडी केली: मातीची घरं, धान्याच्या कोठ्या, चुली. हे कळल्यावर अप्पांनी एकच प्रश्न विचारला, “चूल तीन हजार वर्षं टिकली. ती काय कुणी वॉरंटीवर घेतली व्हती?”

चूल कशानं टिकली ते अप्पांना कुणी सांगत नाही, कारण ते त्यांच्या कसोटीत बसत नाही. रोज सारवणारा हात असेल तोवर चूल चूल असते. खानावळीतला मायक्रोवेव्ह आजही चालू आहे आणि अप्पा एसटीत शेजारच्या प्रवाशाला सांगतात, “मी निवडलेला.” खरं तर रोज रात्री शेवटचं ताट उठल्यावर त्यांची लेक आणि हाताखालची मावशी तो आतून पुसतात. रश्श्याचा शिंतोडा आतल्या अभ्रकाच्या पत्र्यावर बसला आणि तसाच भाजत राहिला, की तिथंच ठिणगी पडते आणि पत्रा जळतो. दाराच्या कडेला खरकटं साचलं की दार नीट बसत नाही. यंत्र रिकामं फिरवलं तर मॅग्नेट्रॉनवर भार येतो, म्हणून कुणी चुकून चालू केलं तर उपयोगी पडावा असा पाण्याचा एक काचेचा पेला मावशी रात्री आतच ठेवते. ठोकून वाजणाऱ्या कुठल्याच पत्र्यात ही अक्कल येत नाही.

तेव्हा खानावळीला, टपरीला, वसतिगृहाला मायक्रोवेव्ह घ्यायचा असेल तर गोल बटणाचा, आतून स्टीलचा, सपाट बैठकीचा घ्या. छोट्या धंद्याला १००० वॅट पुरतो. पॉइंट आधी करून घ्या आणि दुरुस्तीला माणूस शिरूर-दौंडपर्यंत येतो का, ते बिलाआधी विचारा. दणकट अप्पांना दुकानात जरूर न्या. त्यांचा निर्णय ऐका, कारणं ऐकू नका. घरी आल्यावर पेचकस लपवा, आणि यंत्र कुठं ठेवायचं हे ते जी पुसणार आहे तिला विचारून ठरवा.